अध्यापकाची पदवी, कर्जाचा हप्ता आणि पहिला पगार

(पालक, वसतिगृहातील माजी विद्यार्थी आणि पाठीराखे यांच्या सभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘शिक्षकी पेशा : एक सेवा’ हा विषय दिला होता. मी त्यांना विनंती केली की सेवेवर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे, या वेळी हिशेबावर बोलू द्या. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतात, हा दाखला लूकच्या शुभवर्तमानातून आपण सर्वांनी ऐकला आहे. आपल्या मुलामुलींना मात्र आपण ‘शिक्षक हो’ एवढेच सांगतो. खर्च मोजायला बसवत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला कर्ज म्हणजे काय हे शिकवायला नको. कापसाचा चुकारा येण्याआधीच तो कोणाला द्यायचा हे ठरलेले असते. अशा घरातून शेतीच्या कर्जाच्या शेजारी शिक्षणाचे कर्ज उभे राहते, तेव्हा ते त्या मुलीचे एकटीचे राहत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जात आईवडील सहकर्जदार असतात. हप्ते तीन महिने थकले की खाते थकीत होते, बापाचा सिबिल बिघडतो, आणि पुढच्या खरिपात पीककर्जाला तो बँकेत गेला की ही गोष्ट समोर येते. म्हणून हा हिशेब सगळ्या घराचा आहे.

आधी ठरवा, कोणत्या वर्गाला शिकवायचे

दरवर्षी निकालानंतर मुले विचारतात, ‘सर, बी.एड. करू का डी.एड.?’ पुष्कळांना वाटते की बी.एड. मोठे, म्हणून ते चांगले. आज तसे नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे आपण ज्याला अजून डी.एड. म्हणतो, तेच लागते. गावातली, पोडावरची शाळा बहुधा पहिली ते चौथी किंवा पाचवीचीच असते. म्हणजे ज्याला आपल्या पोडावरच्या लहान मुलांना शिकवायचे आहे त्याने बी.एड.ला पैसे घातले, तर ते त्या नोकरीसाठी वाया गेले.

डी.एल.एड. बारावीनंतर दोन वर्षांचे. बी.एड.साठी आधी पदवी, मग दोन वर्षे. पूर्वी बी.एड. एका वर्षात होत असे. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले आणि खोलीभाडे, मेस, एस.टी.चा पास, सगळ्याचा खर्च दुप्पट झाला. बारावीपासून मोजले तर एक वाट दोन वर्षांची आणि दुसरी निदान पाच वर्षांची. सहावी ते दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवायची ज्याची तयारी आहे त्याने बी.एड. जरूर करावे. पण कोणत्या वर्गाला शिकवायचे हे आधी ठरवावे, अर्ज नंतर भरावा.

पहिला पगार खरोखर किती?

घरात बोलताना आपण नेहमी शाळेतल्या जुन्या गुरुजींचा पगार डोळ्यासमोर ठेवतो. नव्या शिक्षकाला तो पगार मिळत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आहे. नेमणूक झाली की पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन असते. कित्येक वर्षे प्राथमिक शाळेच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत. १ जानेवारी २०२३ पासून ते वाढले. आता पहिली ते आठवीसाठी १६,०००, नववी-दहावीसाठी १८,००० आणि अकरावी-बारावीसाठी २०,००० रुपये आहे.

तीन वर्षे समाधानकारक झाली की प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता सध्या मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक आहे, म्हणजे घरभाडे भत्ता सोडूनच रक्कम ४३,८०० च्या पुढे जाते. त्यातून निवृत्तिवेतनासाठी कपात होते, तरी आपल्या घरांच्या मानाने हे उत्पन्न चांगले आणि दर महिन्याला ठरलेले आहे. ते मी नाकारत नाही. पण कर्जाचे हप्ते मूळ वेतनाची वाट पाहत थांबत नाहीत. ते त्या १६,००० च्या काळातच सुरू होतात.

आणि हे झाले सरकारी नेमणुकीचे. विनाअनुदानित शाळेत आठ-दहा हजारांवर शिकवणारी मुले तुमच्या ओळखीत असतील. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत काहीच मिळत नाही. आश्रमशाळांत वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबलेल्या शिक्षकांनी २०२५ मध्ये नाशिकला बिऱ्हाड आंदोलन केले, कारण त्यांच्या जागा बाह्यस्रोतातून भरायचे ठरले होते. तेही पदवी आणि प्रशिक्षण घेतलेलेच लोक होते.

मधली वर्षे कोणी मोजत नाही

माझ्या सगळ्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हा आहे. प्रशिक्षण संपले की लगेच नोकरी लागते असे धरून कर्ज काढले जाते. पूर्वी पुष्कळ गुरुजींची नेमणूक आधी होत असे आणि प्रशिक्षणाला नंतर पाठवले जाई, तेही पगार चालू ठेवून. आता उलटे आहे. प्रशिक्षणाचा खर्च आपला, आणि त्यानंतरची वाटही आपणच पाहायची.

आधी टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून आहे. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दर वेळी शंभरात अगदी थोडे पास होतात. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा कामावर असलेल्या शिक्षकांनाही ती पास होणे बंधनकारक केले. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड. ही चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये, तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. म्हणजे २०१८ साली जो मुलगा पदविका हातात घेऊन बाहेर पडला, त्याला पहिली संधी मिळायलाच पाच वर्षे लागली.

त्याआधीची गोष्टही वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २००५ नंतरच्या काही वर्षांत गल्लोगल्ली डी.एड. विद्यालये निघाली. शेत गहाण टाकून लोकांनी मुलांना त्यात घातले. मग २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, विद्यालये ओस पडली, आणि त्या मुलांतली कितीतरी आज दुकानात, गॅरेजात, नाहीतर मजुरीवर आहेत.

आपल्या अनुसूचित क्षेत्राची आणखी एक अडचण आहे. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतली अनेक गावे पेसा कायद्याखाली येतात. तिथे शिक्षकासह सतरा संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवल्या होत्या. आपल्या मुलांसाठी ही मोठीच संधी होती. पण प्रकरण न्यायालयात गेले, निवड झालेले उमेदवारही ताटकळले, आणि २०२४ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर तात्पुरत्या मानधनावर नेमणुका देण्याचे ठरले. दार आहे, पण ते आपल्या वेळापत्रकाप्रमाणे उघडत नाही.

आता बँकेचे वेळापत्रक बघा. शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष एवढी सवलत असते. त्यानंतर हप्ता सुरू. भरतीची वाट दोन-तीन वर्षे आणि बँकेची सवलत एक वर्ष. या दोघांमधल्या खड्ड्यात आपली मुले पडतात.

चला, पाटीवर मांडू

समजा एका मुलीने दोन लाख रुपये कर्ज घेतले, दर वर्षी एक लाख. व्याज दहा टक्के धरू. तुमच्या बँकेत दर कमीजास्त असेल. सवलतीच्या तीन वर्षांत पहिल्या लाखावर ३०,००० आणि दुसऱ्या लाखावर २०,००० रुपये सरळव्याज चढते. हप्ता सुरू होतो तेव्हा बाकी असते अडीच लाख. सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ४,१५० रुपये.

१६,००० मानधनातून ४,१५० गेले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. राहिले ११,८५०. त्यात दुसऱ्या तालुक्यातले खोलीभाडे, जेवण, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे. ओढाताण होईल, पण तीन वर्षे निभेल. आता तीच मुलगी ८,००० रुपयांच्या विनाअनुदानित शाळेत असेल तर हप्त्यात अर्ध्याहून अधिक पगार जातो. आणि नेमणूकच नसेल, तर तो हप्ता बाप कापसातून भरतो.

कोणी म्हणेल, मुदत वाढवून घ्या. दहा वर्षे केली तर हप्ता सुमारे ३,३०० वर येतो. पण सात वर्षांत एकूण साडेतीन लाखांच्या आत भरणा होतो, दहा वर्षांत तो जवळजवळ चार लाख होतो. हप्ता हलका झाला तरी कर्ज जड झाले.

यावरून मी एक साधी मोजपट्टी सुचवतो. हप्ता शिक्षण सेवकाच्या मानधनाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा मोठा नसावा. आठवा हिस्सा म्हणजे २,००० रुपये. वरच्याच हिशेबाने एवढ्या हप्त्यात साधारण एक लाखाचे मूळ कर्ज बसते. म्हणून शिक्षकी प्रशिक्षणासाठी एक लाखाच्या आतच कर्ज घ्यावे. त्याहून जास्त लागत असेल तर आधी विद्यालय बदलता येते का, राहण्याची सोय बदलता येते का, ते बघावे.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी शिकत असतानाच व्याज भरावे. एका लाखाचे महिन्याचे व्याज ८३३ रुपये होते. असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सवलतही देतात. मुख्य म्हणजे हप्ता सुरू होताना बाकी वाढलेली नसते.

कर्जाआधी हक्काचे पैसे

पण माझा अनुभव असा आहे की आपल्या आदिवासी मुलांचे खरे कर्ज बँकेचे नसतेच. ते बचतगटाचे, मायक्रोफायनान्सचे किंवा सावकाराचे असते. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण पैसे उशिरा येतात. कॉलेज म्हणते, तूर्त भरा, नंतर परत मिळतील. मग आई गटातून उचल घेते, नाहीतर बाप शेकडा तीनने पन्नास हजार आणतो. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज. तीन वर्षांत ५४,००० रुपये व्याज दिले तरी मुद्दल पन्नास हजार तसेच उभे. बँकेचे दहा टक्के परवडले म्हणायची पाळी येते.

म्हणून आधी हक्काचे पैसे मागा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. महाडीबीटीवर अर्ज करायचा असतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. त्या नम्रपणे पण ठामपणे दाखवाव्यात. एक मात्र ध्यानात ठेवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती लागत नाही. ‘सीईटीची भानगड नको, मी थेट प्रवेश करून देतो’ असे सांगणारा दलाल घरी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. त्याच्या एका सहीने तुमची सगळी शुल्कमाफी जाते.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. राहणे आणि जेवणासाठी पैसे थेट खात्यात येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी ही रक्कम वर्षाला ४३,००० रुपये ठरवलेली आहे. पांढरकवडा आणि पुसद येथे प्रकल्प कार्यालये आहेत, तिथे चौकशी करावी. कर्ज घ्यायचेच झाले तर आदिवासींसाठीच्या राष्ट्रीय वित्त महामंडळाची शिक्षण कर्ज योजना सहा टक्क्यांची आहे. राज्यात शबरी महामंडळाकडे तिची विचारणा करता येते. मघाचेच दोन लाख सहा टक्क्यांनी घेतले तर हप्ता ४,१५० ऐवजी ३,३६० होतो. महिन्याचे जवळजवळ आठशे रुपये वाचले. या कार्यालयांत फेऱ्या माराव्या लागतात हे मला ठाऊक आहे, पण आठशे रुपये सात वर्षे वाचत असतील तर त्या फेऱ्या माराव्यात.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीतच करून ठेवा. आणि अभ्यासक्रम चालू असतानाच सीटीईटी देता येते, ती जरूर द्या. ही परीक्षा शिकतानाच पास झाली तर प्रशिक्षणानंतरची वाट तेवढी कमी होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नोकरीसाठी संस्थेला पैसे देऊ नका. पदवीला लाखभर कर्ज आणि जागेसाठी दहा-पंधरा लाख, हा व्यवहार हिशेबात कधीच बसत नाही. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीची प्रकरणे उघडकीस आली आणि अटकाही झाल्या. पैसे देऊन मिळालेली नोकरी राहीलच याचीही खात्री नाही, आणि ज्या नोकरीची सुरुवात लाच देऊन झाली तिथून मुलांना प्रामाणिकपणा कसा शिकवणार?

मग शिक्षक व्हावे की नाही?

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, सरांनी तर मुलांना घाबरवूनच टाकले. तसे नाही. आपल्याला शिक्षक हवेत, आणि ते आपल्यातलेच हवेत. कोलाम पोडावरचे सहा वर्षांचे लेकरू शाळेत येते तेव्हा त्याच्या कानात कोलामी असते. फळ्यावर मराठी असते. मधला पूल बांधणारा कोणी नसेल तर ते लेकरू गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण मंद म्हणतो. त्याच वर्गात कोलामी जाणणारी बाई उभी राहिली की तेच मूल पहिल्याच दिवशी बोलू लागते. गोंडी बोलणाऱ्या मुलांचेही तसेच. हे मोल कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

पण म्हणूनच ती बाई कर्जाने वाकलेली नको. जिचा निम्मा पगार हप्त्यात जातो ती संध्याकाळी दुसरे काम शोधते, बदली मागते, किंवा शाळा सोडून शहरात दुकानात जाते. तिची पोडावर टिकून राहण्याची इच्छा कमी नसते, हप्ता जास्त असतो.

इथे पाठीराख्यांना आणि मंडळीलाही दोन शब्द. आपण देणगी देताना बहुधा फी भरण्यासाठी देतो. फी पुष्कळदा शासनाकडून मिळते. अडतो तो मधला काळ. शिष्यवृत्ती येईपर्यंतचे चार-सहा महिने बिनव्याजी हातउसने मिळाले तर एक आई शेकडा तीनच्या दारात जात नाही. पैसे आले की परत घ्यायचे आणि पुढच्या मुलीला द्यायचे. तीच रक्कम फिरत राहते. प्रशिक्षणानंतर टीईटी आणि अभियोग्यता चाचणीच्या तयारीचे एक वर्ष वसतिगृहात राहू द्यावे, बदल्यात त्यांनी संध्याकाळी लहान मुलांचा अभ्यास घ्यावा. मंडळीत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, कचेऱ्यांत नोकरी केलेले आहेत. त्यांनी महिन्यातून एक शनिवार अर्ज भरून देण्यासाठी आणि कर्जाची कागदपत्रे वाचून समजावण्यासाठी द्यावा.

आणि शेवटची गोष्ट, जी बोलायला जड जाते. आपल्या ख्रिस्ती लोकांनी चालवलेल्या विनाअनुदानित शाळांतही ‘सेवा’ हा शब्द कधी कधी कमी पगार झाकायला वापरला जातो. आपल्याच मुलींना कर्ज काढून शिकायला सांगायचे आणि मग आपल्याच शाळेत शिपायापेक्षा कमी पैशांत शिकवायला लावायचे, हे आपल्याला शोभत नाही. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे ही शिकवण आपलीच आहे. शाळा लहान असेल तर एक वर्ग कमी चालवा, पण शिक्षिकेला तिचा हप्ता भरून दोन घास सुखाने खाता येतील एवढे द्या.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. वर लिहा, मला कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे. खाली लिहा, शिष्यवृत्ती किती, घरून किती, कर्ज किती. मग १६,००० लिहा आणि त्यातून हप्ता वजा करा. त्याखाली नोकरी दोन वर्षे लागली नाही असे धरून पुन्हा एकदा वजा करा. तो कागद आईवडिलांना वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा. हिशेब जमला तर निर्धास्त जा, आमच्या प्रार्थना तुमच्याबरोबर आहेत. जमला नाही तर पुढच्या सभेला तो कागद घेऊन या. कोठे काय कमी करता येते ते आपण मिळून बघू.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.